फोटोत नसलेली भेग

"थांब, दाबू नकोस, तुझा अंगठा भिंगावर आलाय," असं वकील म्हणेपर्यंत झिप्रीने बटण दाबलंसुद्धा. खट्ट असा बारीक आवाज झाला आणि रोलमधला पहिला फोटो अंगठ्याच्या नावावर जमा झाला.

"पंधरातला एक गेला," वकील म्हणाला. "राहिले चौदा."

"मला मोजता येतं," झिप्री म्हणाली आणि तिने कॅमेऱ्याच्या मागचं दातेरी चाक अंगठ्याने करकर फिरवलं.

झिप्री बारा वर्षांची. तिचे केस कुठल्याही कंगव्याला दाद देत नसत, म्हणून हे नाव. सुट्टीत ती मावशीकडे आली होती आणि बरोबर तिचा आठ वर्षांचा भाऊ होता. ती जाईल तिथे तो असायचाच, त्यामुळे त्याला सगळे शेपूट म्हणत. वकील हा मावशीचा मुलगा, वय तेरा. त्याच्याशी वाद घालून आजवर कोणी जिंकलं नव्हतं, आणि जिंकलंच तर तो ते मान्य करत नसे.

मावशी वाचनालय चालवत असे. एक लांबट खोली, दोन्ही बाजूंना कपाटं, मधे वर्तमानपत्रांची उतरती मेजं आणि खिडकीजवळ तिचं टेबल. त्या टेबलाचा सगळ्यात खालचा खण विसरलेल्या वस्तूंचा होता. वाचक येत, वाचत आणि छत्र्या, चष्मे, एकेक हातमोजा विसरून जात. त्यातच हा कॅमेरा होता. हाताच्या पंजात मावणारा, काळा, कोपऱ्यांचा रंग उडून आतलं पितळ दिसणारा. नऊ वर्षांत तो मागायला कोणी आलं नव्हतं.

"सुट्टीभर घ्या. मोडला तर मात्र माझ्यासमोर येऊ नका," मावशी म्हणाली होती.

रोल दिला तो कोपऱ्यावरच्या फोटोवाल्या आजोबांनी. मोठ्या रिळातून कापून त्यांनी पंधरा फोटोंचा रोल तयार केला, कॅमेऱ्यात भरला आणि झाकण लावून त्यावर बोट आपटलं. "हे उघडायचं नाही. रोल संपला की तसाच माझ्याकडे आणायचा. आधी उघडलंत तर सगळं मुसळ केरात."

सुट्टीच्या त्या दुसऱ्या दिवशी कॅमेरा चालतो की नाही हे पाहण्यात चार फोटो खर्ची पडले. पहिला अंगठ्याचा. दुसऱ्यात शेपूट वाचनालयात उभा राहिला, 'शांतता राखा' या पाटीच्या खाली. रोज सकाळी येणारे एक आजोबा वर्तमानपत्र नाकाला टेकवून वाचत, त्यांची नक्कल म्हणून त्याने त्या दिवसाचं वर्तमानपत्र हनुवटीपर्यंत पसरून धरलं होतं. तिसरा मावशीचा, डोळे मिटलेले. चौथ्यात वकील होता, पण त्याच्या मते झिप्रीने त्याचं डोकं कापलं असणार. फोटो दिसत नाहीत, नुसते साठत जातात, हे झिप्रीला काही केल्या पटत नव्हतं. आत्ता काढलेलं आत्ता बघायला मिळायला हवं, असा तिचा जन्मापासूनचा हट्ट होता.

आठवडा गेला. मग एका सकाळी शेपूट म्हणाला, "मावशी, भिंतीला केस चिकटलाय."

केस नव्हता. 'शांतता राखा'च्या पाटीखालून निघालेली ती भेग होती, वरून खाली, वीतभर. मावशीने तिच्यावरून बोट फिरवलं. दोन दिवसांनी ती हातभर झाली. मावशीने मोबाइलवर फोटो काढला आणि ती इमारतीच्या व्यवस्थापक साहेबांकडे गेली. मुलंही मागोमाग गेली.

साहेबांचं ऑफिस त्याच इमारतीत, जिन्याशेजारी. खिशात किल्ल्यांचा जुडगा, आणि बोलताना तो खुळखुळवायची सवय. त्यांनी फोटोकडे लांबूनच पाहिलं.

"मोबाइलवर हल्ली माकडाला मुकुटसुद्धा घालता येतो, बाई. हा काय पुरावा झाला?"

"मग स्वतः येऊन बघा ना. आणि वरच्या मजल्यावरून काहीतरी ओढल्यासारखा आवाज येतो, तो कसला?"

"उंदीर असतील. वरचा मजला रिकामा आहे, कुलूप आहे." साहेबांनी जुडगा खुळखुळवला. "त्या आवाजाबद्दल तुमचे तीन अर्ज आले माझ्याकडे. सारख्या तक्रारी करणाऱ्यांची बदली लांब होते, हे तुम्हाला ठाऊक असेलच."

मावशी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. पालथ्या घड्यावर पाणी, एवढंच ती म्हणाली. त्या रात्री ती जेवली नाही. वकील तिच्याकडे पाहत बसला आणि त्याच्याशी त्या दिवशी कोणी वाद घातला नाही.

"तिला दुसरं काही येत नाही असं नाही," तो नंतर झिप्रीला म्हणाला. "पण ती खोली गेली तर ती हसायची बंद होईल. बाबा गेले तेव्हासुद्धा ती तिथे जाऊन बसायची. तुला कळतंय ना?"

झिप्रीला कळत होतं. म्हणूनच तिघं दुसऱ्या दिवशी फोटोवाल्या आजोबांकडे गेली.

"निगेटिव्हवर कारागिरी करायला कसब लागतं आणि केली तर ती भिंगाखाली दिसते," आजोबा म्हणाले. "निगेटिव्ह पुढ्यात ठेवलं की भल्याभल्यांची बोलती बंद होते. किती फोटो उरलेत?"

"अकरा."

"मग विचार करून काढा."

विचार करायला वकील होताच. त्याने ठरवलं, भेगेच्या फोटोत प्रत्येक वेळी तीच पेन्सिल धरायची, म्हणजे माप कळेल. पहिल्या फोटोत पेन्सिलीचं टोक जेमतेम आत गेलं. तिसऱ्यात अर्धी पेन्सिल गेली. सहाव्या वेळी पेन्सिल आडवी मावली आणि शेपटाने बोट घालून पाहिलं, तेव्हा मावशीने त्याला खांद्याला धरून मागे ओढलं. चार दिवसांत सहा फोटो. भेग आता छतापर्यंत पोचली होती.

आणि वरचा आवाज चालूच होता. दुपारी दोन ते चार, घर्र, घर्र, मग धप्प.

"उंदीर दुपारी दोनलाच कसे कामावर येतात?" शेपटाने विचारलं.

जिन्यावर पांढरी धूळ होती, आणि पायऱ्यांच्या कडा नव्याने उडालेल्या. वकिलाने एका पायरीवरून एक चकचकीत तुकडा उचलला. फरशीचा होता. मग तिघं इमारतीच्या मागच्या लोखंडी जिन्याने वर चढली. तिथे एक झरोका होता. झिप्री वकिलाच्या खांद्यावर चढली आणि तिने आत डोकावलं.

"काय आहे?" खालून वकील कण्हला. "लवकर सांग, तू काही कापूस नाहीस."

"खोके," झिप्री म्हणाली. "फरश्यांचे. सगळी खोली भरलीय. माझ्या छातीएवढे थर आहेत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत."

साहेबांनी रिकामा मजला कुठल्यातरी फरशीवाल्याला गोदाम म्हणून दिला होता, कोणाला न विचारता, आणि ते सगळं वजन मावशीच्या डोक्यावर होतं. झिप्रीने उरलेले पाचही फोटो काढले. हात थरथरू नये म्हणून कॅमेरा झरोक्याच्या कडेला टेकवला. पंधरावा झाला तेव्हा चाक फिरेना.

इमारतींची दरवर्षी तपासणी करणाऱ्या इंजिनिअरबाई परवा येणार होत्या. फोटोवाले आजोबा उद्या सकाळी दुकान उघडणार होते. मधे एक दुपार होती, आणि ती दुपार झिप्रीला सोसली नाही.

आजोबांनी सांगितलेलं तिला पाठ होतं. झाकण उघडायचं नाही, उजेड लागता कामा नये. पण पाचातला एक तरी नीट आला असेल ना? हात हलला असेल तर? आत्ताच कळलं तर नवा रोल मागून, पुन्हा वर जाऊन काढता तरी येतील. उजेड म्हणजे ऊन, असं तिने स्वतःला समजावलं. ती जाड पांघरूण घेऊन त्याच्या आत शिरली, चारी बाजूंनी ते खोचलं, कुठूनही उजेड येत नाही याची नीट खात्री केली, मग झाकण उघडलं आणि नीट दिसावं म्हणून टॉर्च लावला.

आत करड्या रंगाची गुळगुळीत पट्टी गुंडाळलेली होती. फोटो एकही नव्हता. तिने झाकण लावलं. काही बिघडलं नाही, असं तिला वाटलं. पण तिने ते कोणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आजोबांच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवासुद्धा नव्हता. काळोखात त्यांचे हात चालल्याचे आवाज येत होते. डब्यात पाणी, औषध, पुन्हा पाणी. मग त्यांनी दार उघडलं आणि ओली पट्टी उजेडाला धरली. ती कोळशासारखी काळी होती.

"हा रोल उघडला होता," आजोबा म्हणाले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मावशी एरवी म्हणाली असती, पण मावशी तिथे नव्हती. तिला अजून काही माहीतच नव्हतं.

"मी उघडला," झिप्री म्हणाली. "पांघरुणात. टॉर्च लावून."

वकील तिच्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत उभा राहिला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. झिप्री जमिनीवर बसली आणि रडू लागली. शेपूट तिच्याशेजारी बसला आणि तिच्या फ्रॉकचं टोक धरून राहिला.

"ऊठ गं," पट्टी न्याहाळत आजोबा म्हणाले. "पट्टी गुंडाळलेली असते. वरचे वेढे जळाले, पण अगदी आतल्यांपर्यंत उजेड पोचलेला नाही. दुसरा रोल द्यायला रीळ उरलेलं नाही, पण हे पहिले चार वाचलेत. कडा काळ्या आहेत, पण मधलं दिसतंय."

"पहिल्या चारांत काय आहे?" वकील भिंतीकडे बघतच म्हणाला. "अंगठा. माझं धड."

मग तो एकदम वळला. "दुसरा दाखवा. दुसऱ्यात शेपूट भिंतीपुढे आहे."

आजोबांनी त्याचा पोस्टकार्डाएवढा फोटो छापला. शेपूट, हनुवटीपर्यंत वर्तमानपत्र, वर 'शांतता राखा'. आणि पाटीखाली भिंत. सपाट, स्वच्छ भिंत. भेगेचा पत्ता नव्हता.

"साहेब म्हणणार की फोटो मागच्या वर्षीचा आहे," झिप्री नाक पुसत म्हणाली.

"म्हणू दे," वकील म्हणाला. त्याने भिंग वर्तमानपत्रावर धरलं. पहिल्या पानावर पंख्याची पानभर जाहिरात होती. "आपल्याकडे प्रत्येक दिवसाचं वर्तमानपत्र फाइलला लागतं. आईने एकही दिवस चुकवलेला नाही."

इंजिनिअरबाई आल्या तेव्हा त्यांच्या हातात इमारतींची लांबलचक यादी होती आणि चेहऱ्यावर ती यादी संपवायची घाई. साहेब त्यांना भेगेपर्यंत स्वतः घेऊन गेले.

"जुनी आहे हो. इमारत बांधली तेव्हापासूनची. आम्ही हिच्याबरोबरच म्हातारे झालो."

"जुनी असेल तर नोंद करते. पुढच्या वर्षी बघू," बाई म्हणाल्या आणि पेन काढलं.

मावशी म्हणाली, "बाई, ही तीन आठवड्यांपूर्वी नव्हती."

"मोबाइलवाले फोटो आहेत यांच्याकडे," साहेब हसले.

"मोबाइल नाही," वकील म्हणाला. त्याने टेबलावर फोटो ठेवला, शेजारी निगेटिव्हची पट्टी आणि शेजारी वर्तमानपत्रांची फाइल, पंख्याच्या जाहिरातीवर उघडलेली. "हे पान एकाच दिवशी आलं होतं. तारीख वर आहे. हा त्या दिवशी या भिंतीपुढे हेच पान धरून उभा होता. मॅडम, तुम्ही फक्त भेग शोधून दाखवा."

बाईंनी निगेटिव्ह खिडकीकडे धरलं. बराच वेळ धरलं. मग भिंतीपाशी जाऊन त्यांनी भेगेत बोट घातलं. ते दुसऱ्या पेरापर्यंत गेलं.

"अठरा दिवस," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातली घाई गेली होती. "वर काय आहे?"

"रिकामं आहे. किल्ली मालकाकडे आणि मालक परदेशात," साहेब म्हणाले.

तेवढ्यात शेपूट धापा टाकत दारात आला. हे त्याचं काम त्याला सकाळीच नेमून दिलं होतं आणि त्याने ते जिन्यात दहा वेळा घोकलं होतं.

"साहेब, टेम्पोवाले काका आलेत. फरश्यांचे खोके वर चढवू का विचारतायत."

"आत्ता कशाला तडमडला तो? त्याला किती वेळा सांगितलंय, दोनच्या आधी..." साहेब म्हणाले आणि थांबले. त्यांचा हात खिशातल्या जुडग्यावर होता.

खाली टेम्पो नव्हता, हे त्यांना खिडकीतून दिसलं. तोवर बाईंनी हात पुढे केला होता. साहेबांनी जुडगा दिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण साहेबांच्या मनातलं चांदणं त्या दिवशी भर सकाळी पडलं.

बाई वर गेल्या. दार उघडलं, पण त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. त्या उंबऱ्यावरून परत फिरल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "सगळे बाहेर चला. पळायचं नाही. एकेक जण."

वर्तमानपत्र नाकाला टेकवून वाचणारे आजोबा शेवटी बाहेर आले, कारण त्यांना पान संपवायचं होतं.

मुलांना वाटलं, जिंकलो. आता फरश्या उतरतील, भिंत दुरुस्त होईल, आठ दिवसांत मावशी पुन्हा टेबलावर बसेल. संध्याकाळी बाई अंगणात आल्या तेव्हा झिप्रीने तेच विचारलं.

"तुळई मोडलीय, बाळ," बाई म्हणाल्या. "फरश्या काढल्या तरी ती जुळत नाही. इमारत पाडावी लागेल. तुम्ही तिघांनी फार मोठं काम केलंत. आज तुम्ही नसता तर काही दिवसांत आतली माणसं..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांनी तिघांशी मोठ्या माणसांशी मिळवावा तसा हात मिळवला.

"माझ्यामुळे बाकीचे फोटो जळाले," झिप्री म्हणाली. "ते असते तर वाचनालय वाचलं असतं का?"

"नाही. तुळई पहिल्या आठवड्यातच गेली असणार. तुमच्या लक्षात यायच्याही आधी."

हे ऐकून बरं वाटेल असं झिप्रीला वाटलं होतं. वाटलं नाही. तिची चूक असती तर निदान काहीतरी वेगळं होऊ शकलं असतं, असं म्हणता आलं असतं. आता तेही उरलं नाही.

पुस्तकं काढायला दोन तास मिळाले. गोण्या भरल्या, टेम्पो भरला, पुस्तकं कुठल्याशा गोदामात गेली. वाचनालय ज्याच्या हाताखाली होतं त्या मोठ्या ऑफिसात, नोंदणीच्या खिडकीवर मावशीची बदली झाली. व्यवस्थापक साहेबांना कामावरून काढलं, पण त्या बातमीने घरात कोणाचीच कळी खुलली नाही. मावशी सकाळी उठून तयार व्हायची आणि मग आठवायचं की अजून दोन तास जायचं नाही. वाचनालयाचं पुढे काय, हे विचारायला ती तीनदा गेली. पुढच्या आदेशापर्यंत बंद, एवढंच उत्तर मिळालं, आणि तो आदेश कोण काढणार हे कोणालाच माहीत नव्हतं.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी त्याच मोठ्या ऑफिसात तिघांचा सत्कार झाला. एका मोठ्या अधिकाऱ्यांनी भाषण केलं. ही मुलं म्हणजे उद्याची आशा, असं ते दोनदा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्या आजोबांनी फोटो काढला आणि झिप्रीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक कबूल करायला जिगर लागते. ती तुझ्यात आहे." तिला ते खरंच आवडलं, पण तिने मावशीकडे पाहिलं आणि ते आवडणं टिकलं नाही.

मग बक्षीस मिळालं. प्रत्येकाला एकेक पुस्तक, रंगीत कागदात. शेपटाने तिथेच कागद फाडला. आत जुनं पुस्तक होतं. पहिल्या पानावर वाचनालयाचा गोल शिक्का आणि त्यावर तिरका, लाल, ताजा दुसरा शिक्का: रद्द. ऑफिसात कोणीतरी गोदामातून आणायला सांगितलं असणार. फुकटात काम झालं.

वकिलाने आपलं पुस्तक उघडलं. पाठीला लावलेली पट्टी मावशीच्या अक्षरात होती. त्याने ते हळूच मिटलं आणि आईच्या हातात दिलं. तिने ते छातीशी धरलं.

शेपूट पुस्तक उलटसुलट करून शेवटचं पान शोधत होता, जिथे मावशी नेहमी तारीख लिहून द्यायची. तिथे जुन्या तारखांखालची जागा रिकामी होती.

"मावशी," त्याने विचारलं, "हे परत कधी करायचं?"

"आता परत करायचं नाही, राजा," मावशी म्हणाली आणि सगळ्या मोठ्या माणसांसमोर, खुर्चीत बसूनच, ती रडू लागली. वकील तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. झिप्रीने तिचा हात धरला. व्यासपीठावर अधिकारी पुढच्या कार्यक्रमाची घोषणा करत होते.